प्रवाळांची रात्र गाठताना: अंड्यांची पक्वता, तिथी आणि चंद्रोदय यांचा मेळ

समुद्रात भिंती उभारणाऱ्या प्रवाळांच्या बहुतेक जाती वर्षातून एकदाच अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, आणि तेही मोजक्या दोन-चार रात्रींत. रात्र हुकली की थेट पुढचं वर्ष. नाशिकहून निघणाऱ्याला हे हुकणं जास्तच महाग पडतं. कसारा घाट उतरायचा, पुढे मालवण, तुतिकोरिन किंवा अंदमान गाठायचं, रजा मंजूर करून घ्यायची, तिकिटं महिनाभर आधी काढायची. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि पाणबुडीचा परवाना काढलेली हौशी मंडळी ‘पौर्णिमेच्या आसपास जाऊ’ एवढ्या भरवशावर निघतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. एवढं ढोबळ ठरवायची गरज नाही. महिना अंडी सांगतात, रात्र चंद्र सांगतो आणि तास सूर्यास्त सांगतो. प्रश्न याच क्रमाने विचारले, तर घरबसल्या बराचसा अंदाज बांधता येतो.

आधी कायदा

भारतात खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. जिवंत फांदी तोडणं सोडाच, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा पिशवीत घालून आणणंही गुन्हा आहे. पुढे मी फांदी मोडून अंडी तपासण्याची पद्धत सांगणार आहे. ती पद्धत त्या-त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी असलेल्या संशोधन गटांनीच वापरायची. तरीही ती प्रत्येकाला समजायला हवी, कारण असल्या गटांनी दिलेली माहिती वाचता आली नाही तर महिना ठरवता येत नाही. बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहायचं आणि कॅमेऱ्यात घ्यायचं, एवढंच.

कोणतं प्रवाळ पाहायला चाललो आहोत?

‘प्रवाळ’ म्हणून सगळ्यांना एकच नियम लावला की फजिती होते. दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा.

पहिला प्रश्न: ही जात अंडी बाहेर सोडते, की पोटात अळी वाढवून मग सोडते? पोसिलोपोरा डॅमिकॉर्निससारखी प्रवाळं तयार अळ्या सोडतात, आणि अनेक ठिकाणी दर चांद्रमासात सोडतात. त्यांच्यासाठी वर्षातली एक रात्र शोधत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: नर-मादी एकाच वसाहतीत, की वेगवेगळ्या? फांद्यांच्या ॲक्रोपोरात एकाच पॉलिपमध्ये, म्हणजे ज्या इवल्या जीवांची मिळून वसाहत बनते त्यांतल्या एकातच, अंडीही असतात आणि शुक्राणूही. दोन्ही एकत्र बांधून त्याचा छोटा गोल गुच्छ बाहेर येतो. मोठ्या गोलसर पोराइट्समध्ये नर वसाहत निराळी, मादी निराळी. म्हणजे पोराइट्सच्या एका वसाहतीत अंडी दिसली नाहीत, तर ती अपक्व आहे असं म्हणता येत नाही. ती नर असू शकते.

मालवणच्या परिसरात पोराइट्स, टर्बिनारिया यांसारखी प्रवाळं मुख्यतः दिसतात. ॲक्रोपोराची झाडोऱ्यासारखी वाढ पाहायची तर मन्नारचं आखात, लक्षद्वीप किंवा अंदमान. पुढचं बरंचसं विवेचन ॲक्रोपोराला धरून आहे, कारण अंड्यांचा रंग आणि चंद्राचा हिशेब यांचा सगळ्यात चांगला अभ्यास त्याच्यावर झाला आहे.

महिना ठरवताना

हिंद-प्रशांत महासागरातल्या नोंदी पाहिल्या तर ॲक्रोपोरा बहुतेक ठिकाणी पाणी भराभर तापू लागतं त्या काळात अंडी सोडतात. पाणी सर्वांत गरम होतं तो महिना आणि पाणी सर्वांत वेगाने तापतं तो महिना, हे दोन वेगळे असतात. आपल्याला दुसरा हवा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे तिकडचा वसंत. तिथेही किनाऱ्याजवळच्या उथळ खडकांवरची प्रवाळं बाहेरच्या खडकांपेक्षा साधारण महिनाभर आधी मोकळी होतात. जपानच्या ओकिनावात मे-जून. आपल्याकडे तुतिकोरिनजवळ मन्नारच्या आखातात ॲक्रोपोराच्या नोंदी मार्च-एप्रिलच्या आसपासच्या आहेत.

नियमाला अपवादही मोठे आहेत. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर, निंगालूला, मुख्य हंगाम मार्च-एप्रिल, म्हणजे तिकडच्या शरदात येतो. मालदीवमध्ये वर्षातून दोन हंगाम नोंदले गेले आहेत. तेव्हा तापमानाच्या आलेखावरून महिना ‘सिद्ध’ करू नका. त्यावरून फक्त दोन-तीन महिन्यांचा पट्टा काढा आणि त्या जागेच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहा. २०२१ साली हिंद-प्रशांत भागातल्या सहा हजारांहून अधिक नोंदींचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि तो सर्वांना खुला आहे. त्यात आपली जात आहे का, कोणत्या अक्षांशावर, पौर्णिमेनंतर कितव्या रात्री, हे पाहण्यात एक संध्याकाळ घालवा. सहलीच्या खर्चापुढे ती संध्याकाळ काहीच नाही.

अंडी काय सांगतात

आता मुख्य गोष्ट. ॲक्रोपोराच्या अंड्यांची वाढ सहा ते नऊ महिने चालते. शुक्राणू उशिरा तयार होऊ लागतात, शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. पॉलिपच्या पोकळीत उभे पडदे असतात. त्यांतल्या काहींवर अंड्यांची माळ धरते, काहींवर शुक्राणूंच्या पिशव्या. सुरुवातीला अंडं इतकं लहान असतं की नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग त्यात मेद साठू लागतो, ते पांढरं आणि टपोरं होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलं की भिंगाशिवायही कळतं. सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे त्याला रंग चढतो: फिका गुलाबी, मग गर्द गुलाबी, काही जातींत लालसर केशरी.

नाशिकच्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. ऑक्टोबर छाटणीआधी द्राक्ष बागायतदार काड्या कापून आणतो आणि डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो. कोणत्या डोळ्यात घड बसला आहे हे पाहूनच छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची ते ठरतं. प्रवाळाची फांदी तपासण्यामागे हाच विचार आहे. बाहेरून सगळ्या काड्या सारख्याच दिसतात.

परवानगी असलेला गट ते असं करतो. फांदीच्या टोकाकडचा भाग सोडून द्यायचा, कारण टोकाचे नवे पॉलिप वांझ असतात. टोकापासून काही सेंटिमीटर खाली, जिथे फांदी जुनी आहे तिथे, छिन्नीने किंवा कटरने एक तुकडा मोडायचा. मोडलेली बाजू लगेच, पाण्यातच, टॉर्चच्या उजेडात पाहायची. प्रत्येक पॉलिपची नळी उभी चिरलेली दिसते आणि अंडी असतील तर नळीत ओळीने बसलेली दिसतात. तीन शक्यता असतात.

अंडी रंगीत दिसली: येत्या पौर्णिमेनंतर ही वसाहत मोकळी होण्याची शक्यता फार मोठी आहे.

अंडी मोठी पण पांढरी: बहुधा एक ते तीन महिने बाकी. हा अंदाज सैल आहे. रंग चढायला लागला की तो पंधरवड्यात चढतो. म्हणून पांढरी अंडी दिसलेल्या वसाहतीकडे पुढच्या पौर्णिमेच्या आठवडाभर आधी पुन्हा जायचं.

काहीच दिसलं नाही: एकतर अंडी डोळ्यांना दिसण्याएवढी झालेली नाहीत, नाहीतर सोडून झाली आहेत. या दोन्हींतला फरक एका पाहणीत कळत नाही. मागच्या महिन्याची नोंद हातात असेल तरच कळतो. त्याच वसाहतीत महिन्यापूर्वी रंगीत अंडी होती आणि आता नाहीत, हा अंडी सोडल्याचा भक्कम पुरावा आहे, रात्री कुणी पाहिलेलं नसलं तरीही.

एका वसाहतीवर भरवसा ठेवायचा नाही. एकाच जातीच्या निदान पाच-सहा वसाहती, एकमेकींपासून लांब असलेल्या, पाहायच्या. पाचांपैकी चार रंगीत असतील तर तिकीट काढा. दोन रंगीत, दोन पांढऱ्या, एक रिकामी असेल तर तो हंगाम दोन महिन्यांत विभागला जाण्याची चिन्हं आहेत. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

रंगाला फसण्याच्या जागा दोन. माँटिपोरा, पोराइट्स यांच्या अंड्यांत आईकडून आलेलं शैवाल आधीच असतं, त्यामुळे ती तपकिरी-हिरवट दिसतात आणि तिथे गुलाबी रंगाची वाट पाहून उपयोग नाही. दुसरी जागा गॅलेक्सिया. मादी वसाहतीची अंडी लालसर-गुलाबी, पण शुक्राणू देणाऱ्या वसाहतीतही मेदाने भरलेले पांढरे गोळे असतात. ते अंड्यांसारखे दिसले तरी त्यांच्यापासून अळी होत नाही. नवखा माणूस त्यांना ‘अपक्व अंडी’ लिहून मोकळा होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

रंग पाहून महिना कळतो. किती दिवस उरले हे जास्त बारकाईने पाहायचं तर ऊतीचे काप करावे लागतात. तुकडा समुद्राच्या पाण्यात केलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये एक-दोन दिवस ठेवायचा, गोड्या पाण्याने नीट धुवायचा आणि मग सांगाडा विरघळवायला सौम्य आम्लात, हायड्रोक्लोरिक किंवा फॉर्मिक, टाकायचा. आम्ल रोज बदलायचं. घाईने तीव्र आम्ल वापरलं तर बुडबुड्यांनी ऊती फाटते आणि महिन्याची मेहनत जाते. चुना पूर्ण गेला की हातात मऊ, पांढुरका, फांदीच्याच आकाराचा गोळा उरतो. तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा.

इथून दोन वाटा. सोपी वाट: सुईने पॉलिप उघडून अंडी मोजायची आणि प्रत्येक अंड्याचे दोन व्यास, लांब आणि आडवा, घ्यायचे. अंडी एकमेकांना दाबून बसलेली असल्याने क्वचितच गोल असतात, म्हणून एकच व्यास घेतला तर आकडा खोटा येतो. दुसरी वाट: मेणात बसवून सहा-सात मायक्रॉनचे काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग. कापात नजर ठेवायची ती अंड्याच्या केंद्रकावर. कच्च्या अंड्यात केंद्रक मधोमध, मोठं, आत ठळक ठिपका. पक्व होत आलं की ते कडेला सरकतं. अगदी शेवटी, सोडण्याच्या तोंडावर, त्याचं आवरणच विरून जातं. शुक्राणूंच्या पिशवीत शेपट्या दिसू लागल्या आणि त्या एका दिशेला वळलेल्या असल्या, तर दिवस थोडेच उरले असं समजायचं. अंड्यांचा आकार आणि शुक्राणूंच्या शेपट्या यांचं मत वेगळं पडलं तर मी शेपट्यांवर विश्वास ठेवेन, कारण अंडं बरंच आधी पूर्ण वाढून थांबलेलं असू शकतं.

नाशिकमध्ये बसून हात बसवायचा तर

प्रवाळाचा एकही नमुना न वापरता हे कसब शिकता येतं, आणि हे मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून आधी करून घ्यावं अशा मताचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मासळी बाजारात रोहू-कटल्याची गाबोळी मिळते. थोडी ताजी गाबोळी आणा. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधली मोजपट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरवर (ठरावीक मापाच्या रेघा कोरलेल्या काचपट्टीवर) जुळवून घ्या, प्रत्येक भिंगासाठी वेगळी. मग पन्नासेक अंड्यांचे दोन-दोन व्यास घ्या आणि आलेख काढा. अल्कोहोल सहा भाग, फॉर्मॅलिन तीन भाग आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल एक भाग असं मिश्रण करून त्यात काही अंडी ठेवली की ती पारदर्शक होतात आणि आतलं केंद्रक दिसतं: काहींत मध्ये, काहींत कडेकडे निघालेलं. मत्स्यबीज केंद्रांवर मादी तयार आहे का ते पाहायला हीच युक्ती वापरतात. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे.

गाबोळीवर हात बसला की प्रवाळाच्या कापांची छायाचित्रं वाचायला वेळ लागत नाही.

रात्र: पंचांग वापरा, पण समजून

ग्रेट बॅरियर रीफवरचं सामूहिक अंडी सोडणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स कुक विद्यापीठाच्या तरुण संशोधकांनी नोंदवलं आणि १९८४ मध्ये ते जगापुढे आलं. तेव्हापासून सगळीकडे मोजणी एकाच पद्धतीने चालते: पौर्णिमेनंतर कितवी रात्र. ग्रेट बॅरियर रीफवर मुख्यतः चौथी ते सहावी. निंगालूला सातवी ते दहावी. मेक्सिकोच्या आखातातल्या फ्लॉवर गार्डन बँक्सवर ऑगस्टच्या पौर्णिमेनंतर सातवी ते दहावी.

चौथी ते सहावी म्हणजे आपल्या हिशेबात वद्य चतुर्थीची अखेर ते वद्य सप्तमी. संकष्टी धरणाऱ्या घरात हे आकडे पाठच असतात. तरी दोन गोष्टी सांभाळायच्या.

एक, तिथी म्हणजे रात्र नव्हे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग सारखा नसल्याने तिथी कधी १९-२० तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. म्हणून क्षय आणि वृद्धी येतात. पंचांगात पौर्णिमा जिथे संपते तो क्षण म्हणजे खगोलशास्त्राचा पूर्ण चंद्र. तो क्षण ज्या तारखेला येतो त्या तारखेची रात्र शून्य धरा आणि पुढे रात्री मोजा. क्षण मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे असेल तर एका रात्रीचा घोळ होतो, म्हणून वहीत तारखेबरोबर तो क्षणही लिहा.

दोन, चंद्रोदयाची वेळ नाशिकची घेऊ नका. दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय गावागावांचा वेगळा छापतात, त्यामागचं कारण इथेही लागू आहे. पोर्ट ब्लेअर नाशिकच्या सुमारे १९ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथे सूर्य आणि चंद्र, त्याच भारतीय घड्याळाप्रमाणे, नाशिकपेक्षा सव्वा तास आधी उगवतात आणि मावळतात. अक्षांशाने त्यात आणखी थोडा फरक पडतो. तुतिकोरिनला मार्चमध्ये हा फरक पाव तासाच्या आसपास.

चंद्रोदयाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर तैवानमधल्या एका सुंदर प्रयोगाने दिलं. डिप्सास्ट्रिया स्पेसिओसा या प्रवाळावरचा हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी समुद्रातल्या काही वसाहती पौर्णिमेच्या तीन दिवस आधी झाकल्या, काही एक दिवस आधी, काही एक दिवस नंतर. प्रत्येक गटाने झाकल्यापासून पाच दिवसांनी अंडी सोडली. चांदणं अंडी सोडण्याला आवर घालतं, आणि सूर्यास्तानंतर अंधार मिळाला की तो आवर सुटतो.

आता हे आकाशात मांडून पाहा. पौर्णिमेपर्यंत सूर्य मावळताना चंद्र वर असतोच, संध्याकाळ कधी अंधारी होत नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पहिल्या रात्री संधिप्रकाश संपतो न संपतो तोच तो वर येतो. दुसऱ्या रात्रीपासून सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये खऱ्या अंधाराची फट पडते आणि रोज रुंदावत जाते. संकष्टीला आपण जेवणासाठी चंद्राची वाट पाहतो, तोच हा अंधार. प्रवाळाला डोळे नाहीत, पण निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं त्याच्या पेशींत आहेत. ॲक्रोपोरा मिलेपोरात त्यांचं काम चांदण्याप्रमाणे कमी-जास्त होतं, हे २००७ साली दाखवलं गेलं.

यातूनच एक व्यावहारिक सूचना निघते. किनाऱ्यावर हॉटेलांचे, बंदरांचे दिवे असतील तर प्रवाळाचा हिशेब बिघडतो. उपग्रहाच्या प्रकाश-नकाशांशी नोंदी जोडून केलेल्या २०२३ च्या अभ्यासात, उजेड पडणाऱ्या खडकांवरची प्रवाळं पौर्णिमेच्या एक ते तीन दिवस जवळ अंडी सोडताना आढळली. तेव्हा जागा दिव्यांजवळ असेल तर एक-दोन रात्री आधीपासूनच पाण्यावर राहा.

रजेचा सल्ला याच्यावरून: नवख्या जागी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या रात्रीपासून आठव्या रात्रीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. सहा रात्री जमत नसतील तर त्या वर्षी जाऊ नका, अंड्यांच्या नोंदी जमवा.

अधिक महिन्याचा पेच

बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस. सौर वर्षाला अकरा दिवस कमी पडतात, म्हणून आपण साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो असाच. प्रवाळांचा पेचही नेमका हाच आहे. अंड्यांची वाढ सूर्याच्या हिशेबाने, पाण्याच्या उबेने होते, आणि सोडण्याची रात्र चंद्राच्या हिशेबाने ठरते. पौर्णिमा दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकत जाते. एखाद्या वर्षी ती हंगामाच्या इतकी सुरुवातीला येते की निम्म्या वसाहतींची अंडी तयार नसतात. तयार असलेल्या त्या पौर्णिमेनंतर मोकळ्या होतात, उरलेल्या पुढच्या. यालाच विभागलेला हंगाम म्हणतात.

म्हणून गेल्या वर्षीची तारीख यंदाच्या दिनदर्शिकेत शोधू नका. गेल्या वर्षीची पौर्णिमा इंग्रजी महिन्याच्या कितव्या तारखेला होती ते पाहा. यंदा ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सरकली असेल तर अंडी तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि शक्य असेल तर दोन्ही पौर्णिमांची तयारी ठेवा. एका वर्षी ‘यंदा काहीच झालं नाही’ म्हणून लिहिलेल्या कितीतरी नोंदी मुळात पुढच्या महिन्यात गेलेल्या हंगामाच्या असू शकतात.

तास

रात्र कळल्यावर तास सोपा आहे, कारण एकाच जातीची वसाहत सूर्यास्तापासून ठरावीक वेळेने चालते. ॲक्रोपोरा टेन्यूइस लवकर, सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात. बाकी बऱ्याच ॲक्रोपोरा दोन-तीन तासांनी. कॅरिबियनमध्ये ऑर्बिसेला फ्रँक्सी आणि तिची जवळची बहीण ऑर्बिसेला ॲन्युलॅरिस शेजारी-शेजारी राहतात, पण फ्रँक्सी दीड-दोन तास आधी मोकळी होते. एवढ्या अंतरानेही त्यांचा संकर टळायला मदत होते. उलट पोसिलोपोरा व्हेरुकोसा सकाळी, उजेडात अंडी सोडते. रात्रभर जागून सकाळी झोपणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही.

घड्याळातली वेळ लिहू नका. ‘सूर्यास्तानंतर १३५ मिनिटं’ असं लिहा, म्हणजे दुसऱ्या गावची नोंद आपल्या नोंदीशी जुळवता येते.

पाण्यात

रात्री डुबकी मारण्याचं प्रशिक्षण नसेल तर होडीवर थांबा. जोडीदाराशिवाय उतरू नका. दिवसा एकदा तीच जागा पाहून ठेवा, वसाहतींवर खुणा मनात ठेवा. पांढऱ्या टॉर्चवर लाल काच चढवा. लाल उजेड प्रवाळाला कमी जाणवतो, आणि पांढऱ्या उजेडाभोवती किड्यांचा असा थवा जमतो की समोरचं दिसत नाही.

पाहायचं काय? सोडण्याच्या अर्धा-एक तास आधी पॉलिपच्या तोंडाशी गुलाबी ठिपका येऊन थांबतो. पूर्ण फांदीभर हे ठिपके उमटतात, फक्त टोक मोकळं राहतं. एखादा पॉलिप निवडा आणि त्याच्याच जवळ राहा. तोंडाची कड ताणली जाते, गुच्छ अर्धा बाहेर येऊन अडकतो, मग एका क्षणी सुटतो आणि मेदामुळे सरळ वर जातो. शेजारची वसाहत काही मिनिटांच्या फरकाने सुरू होते. गुच्छ पृष्ठभागावर पोचल्यावर फुटतात, अंडी आणि शुक्राणू वेगळे होतात आणि दुसऱ्या वसाहतीच्या शुक्राणूंशी गाठ पडते. स्वतःच्याच शुक्राणूंनी अंडं सहसा फळत नाही. शेजारची वसाहत त्याच रात्री, त्याच तासाला मोकळी व्हावी लागते, म्हणून तर हा सगळा हिशेब इतका काटेकोर.

दर पंधरा मिनिटांनी पाटीवर तीन गोष्टी लिहा: किती वसाहतींत ठिपके, किती सुटायला लागल्या, किती संपल्या. छायाचित्रणाचा मोह पहिल्या वर्षी दूर ठेवा. कॅमेऱ्याच्या मागे असलेला माणूस एकच वसाहत पाहतो.

परवानगीने अंडी गोळा करणाऱ्या गटांना जोडून सांगतो: निरनिराळ्या वसाहतींचे गुच्छ एकत्र करा. शुक्राणू मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास ठेवा, त्याहून फार दाट झाले तर पाणी सडतं. दोनेक तासांत अंडं पहिल्यांदा दुभंगलेलं दिसलं की फलन झालं. पोहणारी अळी व्हायला दीड-दोन दिवस लागतात.

टाकी असणाऱ्यांसाठी

समुद्रापासून दूरच्या गावातही हे घडू शकतं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या बंद टाक्यांत ॲक्रोपोराच्या चार जातींनी अंडी सोडली. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी वर्षभराचं पाण्याचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्यप्रकाशाची तीव्रता आणि चांदण्याच्या उगवण्या-मावळण्याच्या वेळा मूळ जागेप्रमाणे जशाच्या तशा ठेवल्या. नाशिकच्या घरगुती टाकीत एकसारखं २६ अंश तापमान आणि रात्रभर निळा दिवा ठेवून अंड्यांची अपेक्षा करू नये. त्या निळ्या दिव्यामुळे प्रवाळाला कधी अंधारच मिळत नाही. आणि भारतीय समुद्रातून काढलेलं जिवंत प्रवाळ कोणी विकत देत असेल तर ते घेऊ नका, तो थेट गुन्हा आहे.

दुसऱ्या सकाळी

उजाडल्यावर पाण्यावर गुलाबी-तपकिरी तवंगाचे पट्टे दिसले तर आनंद होतो, पण थांबा. आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर उन्हाळ्यात ट्रायकोडेस्मियम या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवाचा तपकिरी, भुशासारखा थर येतो, आणि तो हंगाम प्रवाळांच्या हंगामाला चिकटून असतो. बाटलीत थोडं पाणी घ्या आणि साध्या भिंगाखाली पाहा. बारीक काड्यांचे जुडगे दिसले तर ट्रायकोडेस्मियम. गोल, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे गोळे, काही दुभंगलेले, दिसले तर अंडी.

काहीच दिसलं नाही, तरी ती रात्र नोंदवा: तारीख, पूर्ण चंद्राचा क्षण, कितवी रात्र, सूर्यास्त, चंद्रोदय, पाण्याचं तापमान, किती वसाहती पाहिल्या, कधीपासून कधीपर्यंत, आणि ‘नाही’. पाहणारा रात्री दहाला वर आला आणि प्रवाळ अकराला मोकळं झालं, असंही होतं. पाहण्याच्या वेळा लिहिल्या नाहीत तर ती ‘नाही’ कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. महिना उलटल्यावर, पुढच्या पौर्णिमेच्या आधी, परवानगीधारक गटाकडून त्याच वसाहतींची अंडी पुन्हा तपासून घ्या. रंगीत अंडी अजून असतील तर हंगाम बाकी आहे आणि रजेचा दुसरा अर्ज करायला हरकत नाही.